न झालेला गोळीबार

ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘जोकर’ हा सिनेमा लागला, तेव्हा अमेरिकेत थिएटरबाहेर पोलीस उभे होते. ‘लँडमार्क’ या थिएटरांच्या साखळीने वेशभूषा करून, चेहरे रंगवून येणाऱ्यांना मज्जाव केला होता. ओक्लाहोमातल्या फोर्ट सिल या लष्करी तळावरून सैनिकांना सावधगिरीचा इशारा गेला होता. नोकरी गेलेला, जगाने हिडीसफिडीस केलेला एक विदूषक हातात पिस्तूल घेतो आणि शेवटी टीव्हीच्या चालू कार्यक्रमात गोळी झाडतो. हे पाहून अंधारात बसलेला त्याच्यासारखाच कुणी एकटा जीव बिथरेल, अशी धास्ती होती. (भारतात हा सिनेमा २ ऑक्टोबरला लागला. गांधी जयंतीचा मुहूर्त, अर्थातच योगायोगाने.)

प्रेक्षक बिथरले नाहीत. सिनेमा संपल्यावर उठून घरी गेले, आणि बरेचसे पुन्हा तिकीट काढून आले. ‘जोकर’ने जगभरात १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, अमेरिकेत ‘आर’ (साधारणपणे मोठ्यांसाठीचं) प्रमाणपत्र मिळालेल्या सिनेमाने हे पहिल्यांदाच केलं. ज्या पायऱ्यांवर जोकर झालेला वाकीन फीनिक्स नाचतो त्या न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या पायऱ्यांवर फोटो काढणाऱ्यांची इतकी झुंबड उडाली, की रोज त्या चढणारे रहिवासी वैतागले. बैरुतमध्ये त्याच महिन्यात सरकारविरोधी मोर्च्यांत जोकरसारखे रंगवलेले चेहरे दिसले. ज्याची भीती होती तो गोळीबार मात्र झाला नाही.

भीती अगदीच हवेतून आलेली नव्हती. २० जुलै २०१२ ला कोलोरॅडो राज्यातल्या ऑरोरा शहरात ‘द डार्क नाइट राइझेस’ या बॅटमनपटाच्या (जोकर हा बॅटमनचाच शत्रू) मध्यरात्रीच्या खेळात एका तरुणाने गोळ्या झाडल्या. १२ जण मेले, ७० जखमी झाले. ‘तो जोकर बनून आला होता’, हे तेव्हापासून इतक्यांदा सांगितलं गेलं की ते आता वस्तुस्थितीसारखंच वाटतं. हे विधान आलं न्यूयॉर्कचे तत्कालीन पोलीस आयुक्त रे केली यांच्याकडून, घटनास्थळापासून अडीच हजार किलोमीटरवरून. हल्लेखोराच्या अंगावर चिलखती पोशाख आणि गॅस मास्क होता. केस रंगवलेले होते, पण नारिंगी-लाल. जोकरचे हिरवे असतात. मुळात त्या सिनेमात जोकर हे पात्रच नाही. २०१५ च्या खटल्यात त्याची वही न्यायालयापुढे आली. तिच्यात बॅटमनच्या गोष्टीपेक्षा जागेचा हिशेब जास्त होता: विमानतळावर बंदोबस्त फार, थिएटरात गर्दी, दरवाजे अमुक. रायफल, शॉटगन, दोन पिस्तुलं त्याने रीतसर दुकानांतून घेतली होती आणि हजारो काडतुसं घरबसल्या मागवली होती. (त्याचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. मारेकऱ्याला प्रसिद्धी देऊ नका, ही तिथे बळी गेलेल्यांच्या काही पालकांचीच मोहीम आहे.)

दुसरा गैरसमज पीडितांच्या कुटुंबांविषयीचा. ऑरोराच्या घटनेतल्या काही कुटुंबांनी ‘जोकर’च्या आधी वॉर्नर ब्रदर्स या त्या सिनेमाच्या स्टुडिओला पत्र लिहिलं, आणि ‘पीडितांची सिनेमावर बंदीची मागणी’ असा त्याचा बोभाटा झाला. पत्रात बंदी नव्हती, बहिष्कारही नव्हता. बंदूकधारकांच्या एनआरए या संघटनेकडून पैसे घेणाऱ्या राजकारण्यांना देणग्या देणं थांबवा, बंदुकीच्या कायद्यांत सुधारणा व्हावी म्हणून आपलं वजन वापरा आणि पीडितांसाठीच्या निधीला हातभार लावा, इतकंच त्यांचं म्हणणं होतं. स्टुडिओने उत्तरात सांगितलं, की हा सिनेमा हिंसेची भलामण करत नाही. आरोप तो नव्हताच.

मग हिंसक सिनेमामुळे हिंसा वाढते का? गॉर्डन डाल आणि स्टेफानो डेलाविन्या या अर्थतज्ज्ञांनी १९९५ ते २००४ या काळातले अमेरिकेतले तिकीटविक्रीचे आणि गुन्ह्यांचे आकडे दिवसागणिक शेजारी ठेवून पाहिले. ज्या दिवशी हिंसक सिनेमाला गर्दी जास्त, त्या दिवशी मारहाणीचे गुन्हे कमी निघाले. कारण ऐकून हसू येईल: ज्या तरुणांकडून मारामारी होण्याचा संभव अधिक, तेच असे सिनेमे पाहायला जातात. तेवढे तास ते थिएटरात बसलेले असतात आणि बारमध्ये नसतात. खेळ सुटल्यावरही दारू कमी पोटात गेलेली असल्याने मध्यरात्रीनंतरचे गुन्हेही घटतात. अर्थात हा हिशेब त्या रात्रीपुरता आहे. वर्षानुवर्षं असे सिनेमे पाहिल्याने मनावर काय साचतं, हे त्यातून कळत नाही.

म्हणून ‘सिनेमाने काहीच होत नाही’ असं म्हणून हात झटकणंही चूक. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ८ ते १२ वर्षांची १०४ मुलं जोडीजोडीने एका खोलीत बसवली. काहींना मुलांना चालणाऱ्या सिनेमातला बंदुका असलेला २० मिनिटांचा तुकडा दाखवला, काहींना तोच बंदुका वगळून. खोलीतल्या कपाटात खरं पिस्तूल होतं, निकामी केलेलं, पण घोडा किती वेळा ओढला ते मोजणारं. बंदुका पाहिलेल्या मुलांच्या हातात ते साधारण ५३ सेकंद राहिलं, इतरांच्या ११. पहिल्या गटातल्या मुलांनी घोडा साधारण दोन-तीनदा ओढला, दुसऱ्या गटातल्यांनी जवळजवळ नाहीच. एका मुलाने खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांवर नेम धरला. पोलीस उभे राहिले ते मोठ्यांच्या सिनेमाबाहेर. या मुलांना दाखवलेले सिनेमे होते ‘द रॉकेटियर’ आणि ‘नॅशनल ट्रेझर’.

सिनेमाने झपाटलेला माणूस कधीच निघत नाही, असंही नाही. ३० मार्च १९८१ ला अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडणारा जॉन हिंकली ‘टॅक्सी ड्रायव्हर’ हा सिनेमा आणि त्यातली अभिनेत्री जोडी फॉस्टर यांच्या मागे वेडा झाला होता. त्याचं रिव्हॉल्व्हर डॅलसमधल्या गहाणवटीच्या दुकानातून विकत घेतलेलं होतं.

जोकर या पात्रालाही असा चाहता भेटला, फक्त सिनेमानंतर दोन वर्षांनी आणि जपानात. ३१ ऑक्टोबर २०२१ च्या संध्याकाळी टोकियोच्या केइओ मार्गावरच्या लोकलमध्ये २४ वर्षांचा एक तरुण जोकरसारखा सूट घालून चढला. एका वृद्ध प्रवाशाला त्याने भोसकलं आणि डब्याला आग लावली. दहाबारा जणांहून अधिक जखमी झाले, खिडक्यांतून उड्या मारून लोक बाहेर पडले. आपल्याला जोकरचं आकर्षण होतं, असं त्याने पोलिसांना सांगितलं. जपानात सामान्य माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही, त्यामुळे त्याच्या हाती सुरी होती. त्या डब्यात कुणीही मेलं नाही. २०२३ मध्ये त्याला २३ वर्षांची शिक्षा झाली.

केइओची घटना घडली त्या २०२१ सालात अमेरिकेत बंदुकीच्या गोळीने ४८,८३० माणसं गेली. त्यांतली निम्म्याहून जास्त आत्महत्या करणारी होती. ज्या सामूहिक गोळीबाराच्या धास्तीने ‘जोकर’च्या दारात पोलीस आले, तशा घटनांतले बळी या आकड्याच्या दोन टक्क्यांच्याही आत होते.