५५ शत्रू आणि एक सेकंद

‘स्पेस इन्व्हेडर्स’ सुरू झाला की पडद्यावर पाच ओळी उभ्या राहतात. ओळीला ११ असे एकूण ५५ परग्रहवासी. पाहणाऱ्याला वाटतं, सगळी फौज एकदम सरकते आहे. प्रत्यक्षात एका वेळी एकच आकृती सरकत असते. जपानच्या तैतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी १९७८ साली हा खेळ इंटेल ८०८० या प्रोसेसरवर उभा केला. एवढ्या आकृत्या पुसून एका दमात नव्या जागी काढणं त्या प्रोसेसरला झेपत नव्हतं. म्हणून या फ्रेमला ही आकृती, पुढच्या फ्रेमला ती, असं चालायचं. सेकंदाला साधारण ६० फ्रेम्स धरल्या तर अख्ख्या फौजेचं एक पाऊल पडायला जवळजवळ एक सेकंद लागतो. आता निम्मे शत्रू मारा. उरलेल्यांची पाळी दुप्पट लवकर येते. शेवटचा एकटा राहिला की प्रत्येक फ्रेमला त्याचीच पाळी, आणि तो या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट धावत सुटतो. चार उतरत्या सुरांची ती धडधडही फौज विरळ होईल तशी वेग घेते. यंत्राच्या दुबळेपणातून आपसूक आलेला हा वेग निशिकादोंच्या लक्षात आला आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. पुढं अनेक वर्षं अशा खेळांना पुरून उरलेला नियम, म्हणजे जिंकत जाल तसं अवघड होत जाईल, तो इथं असा सापडला.

आर्केडमधले जुने खेळ आज चहूकडून परत येत आहेत. मोबाइलवर, प्लेस्टेशनवर, निन्टेन्डो स्विचवर, तीन-चतुर्थांश आकाराच्या घरगुती कॅबिनेटमध्ये, संग्रहांच्या रूपात आणि नव्या रंगरूपातही. यातले काही हाती घेतले की पाच मिनिटांत अंगावर काटा येतो, आणि काही अर्ध्या तासात कंटाळा आणतात, चित्रं हुबेहूब तीच असूनही. हे असं का होतं, याचं उत्तर मला त्या ५५ शत्रूंच्या पावलात दिसतं. आर्केड खेळाचा जीव त्याच्या वेळेत असतो. कोणती गोष्ट किती वेळानं घडते, बटण दाबल्यावर किती लवकर घडते आणि एका नाण्यात किती वेळ मिळतो, या तीन हिशेबांवर तो उभा असतो. हे हिशेब ज्यांना कळले त्यांनीच खेळ खऱ्या अर्थानं परत आणला.

पहिला हिशेब जपण्याचं मोठं काम कंपन्यांनी केलं नाही, हौशी माणसांनी केलं. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरनं फेब्रुवारी १९९७ मध्ये ‘मेम’ नावाचा एम्युलेटर खुला केला. आर्केडच्या बोर्डावरच्या प्रत्येक चिपचं वागणं सॉफ्टवेअरमध्ये उतरवायचं आणि मूळ प्रोग्रॅमला आपण आपल्याच यंत्रावर चालतो आहोत असं भासवायचं, ही त्यामागची कल्पना. प्रोसेसर, आवाजाची चिप, चित्र काढणारी चिप, सगळं जसंच्या तसं, दोषांसकट. त्यामुळे ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये एका फ्रेमला एकच आकृती सरकायची असेल तर इथंही एकच सरकते, मग आजचा संगणक हजारो आकृत्या एका दमात हलवू शकत असला तरी.

या कामाला घाई होती, कारण यंत्रं मरत होती. कॅपकॉमच्या १९९३ पासूनच्या सीपीएस-२ बोर्डांवरचा प्रोग्रॅम कुलूपबंद असे. त्याची किल्ली ज्या स्मृतीत होती ती एका छोट्या बॅटरीवर जिवंत राहायची. बॅटरी संपली की किल्ली गेली आणि बोर्ड कायमचा मुका झाला. नकला होऊ नयेत म्हणून केलेली ही व्यवस्था मूळ यंत्रांनाच संपवू लागली. त्या कुलपाची रीत २००७ च्या सुरुवातीला उलगडली, तीही साल्मोरिया आणि त्यांच्यासारख्या हौशी लोकांनीच. कायद्याच्या नजरेत एम्युलेटरभोवतीचे बरेच व्यवहार धूसर आहेत हे खरं, पण या माणसांनी रात्री जागवल्या नसत्या तर आज विकले जाणारे कितीतरी संग्रह निघालेच नसते असं माझं ठाम मत आहे.

आता दुसरा हिशेब, बटणाचा. जुन्या काचेच्या ट्यूबमध्ये यंत्राकडून येणारी प्रत्येक ओळ आली तशी थेट पडद्यावर उमटायची. आजचा सपाट टीव्ही आधी आख्खं चित्र साठवतो, ते मोठं करतो, गुळगुळीत करतो आणि मग दाखवतो. त्यात दोन-तीन फ्रेम्स सहज जातात. सिनेमा पाहताना हे जाणवणारही नाही. पण ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये आपली एकच गोळी एका वेळी हवेत असते आणि ती कुठंतरी आदळेपर्यंत दुसरी सुटत नाही. तिथं सेकंदाचा विसावा भाग उशीर झाला की नेम चुकतो, नेम चुकला की गोळी वरपर्यंत जाईतो हात बांधून बसावं लागतं, आणि खेळणाऱ्याला वाटतं की लहानपणचं आपलं कसब गेलं. कसब गेलेलं नसतं, उशीर पडद्याचा असतो. जुने खेळ जपण्याच्या कामात आता कंपन्याही आहेत. हॅमस्टर ही जपानी कंपनी २०१४ पासून ‘आर्केड आर्काइव्ह्ज’ या मालिकेत जवळजवळ दर आठवड्याला एक जुना खेळ मूळ रूपात आणते आहे. ही मालिका मला मोलाची वाटते ती त्यातल्या चिकाटीसाठी. फारसे कोणाला न आठवणारे खेळही तिथं तेवढ्याच आस्थेनं आणले जातात.

पण जसंच्या तसं जपणं हा पुनरुज्जीवनाचा एक भाग झाला. खेळ पुढं न्यायचा असेल तर काय करायचं? याचं मला सर्वांत आवडणारं उत्तर ज्यानं प्रश्न निर्माण केला त्यानंच दिलं. तोरू इवातानी यांनी नामको कंपनीत १९८० साली ‘पॅक-मॅन’ केला. त्यातली चार भुतं वरवर सारखीच पाठलाग करतात, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. लाल भूत थेट पॅक-मॅनच्या जागेवर येतं. गुलाबी त्याच्या तोंडापुढच्या चौथ्या घराकडे धावतं, म्हणजे वाट अडवतं. निळं भूत लाल भुताची जागा लक्षात घेऊन आपला मार्ग ठरवतं. केशरी पाठलाग करत येतं, पण आठ घरांच्या आत आलं की आपल्या कोपऱ्याकडे वळतं. शिवाय अधूनमधून सगळी भुतं पाठलाग सोडून चार कोपऱ्यांना पांगतात. तेवढाच श्वास घ्यायला वेळ.

हे सगळं इतकं ठरलेलं होतं की तरबेज खेळाडूंनी वाटाच पाठ केल्या. एकाच नाण्यावर माणसं तासन् तास खेळू लागली, थेट २५६ व्या पातळीपर्यंत. तिथं पातळी मोजणारा आकडा आपल्या मर्यादेबाहेर जातो आणि पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या आणि चिन्हांच्या कचऱ्यानं भरतो. आर्केडच्या मालकाच्या दृष्टीनं तर असा खेळाडू म्हणजे अडलेलं यंत्र.

इवातानींनी २००७ साली एक्सबॉक्स ३६० साठी ‘पॅक-मॅन चॅम्पियनशिप एडिशन’ केला, तेव्हा त्यांनी नेमकं याच दुखण्यावर बोट ठेवलं. घड्याळ लावलं, पाच मिनिटांचं. चक्रव्यूहाचे डावा-उजवा असे दोन भाग केले. एका बाजूचे ठिपके संपवले की दुसऱ्या बाजूला फळ येतं, ते खाल्लं की रिकामी बाजू नव्या रचनेनं पुन्हा भरते. थांबायला जागाच नाही. वेग सतत वाढत राहतो. पाच मिनिटं संपतात तेव्हा हाताला घाम आलेला असतो आणि अंगठा आपसूक पुन्हा सुरू करण्याच्या बटणावर जातो. घरात नाणं नाही, मागं रांग लावून उभी असलेली पोरं नाहीत, दुकान बंद करणारा मालक नाही. ते सगळं दडपण इवातानींनी एका घड्याळात आणून बसवलं. तिसरा हिशेब, नाण्याचा, इतक्या नेमकेपणानं कोणी सोडवलेला मी पाहिलेला नाही. हा खेळ झाल्यावर ते कंपनी सोडून तोक्योतल्या विद्यापीठात शिकवायला गेले.

नाण्याचा हिशेब विसरल्यावर काय होतं हे अनेक स्वस्त संग्रहांत दिसतं. तिथं ‘इन्सर्ट कॉइन’साठी एक बटण दिलेलं असतं. दाबा, नाणं पडलं. पुन्हा दाबा, पुन्हा पडलं. मारामारीचे खेळ तर मुळात खिशातली नाणी काढून घेण्यासाठी अवघड केलेले. नाणी फुकट झाली की मरण्याला काही किंमतच उरत नाही आणि अर्ध्या-पाऊण तासात खेळ संपवून माणूस रिकामा. माँट्रियलच्या ट्रिब्यूट गेम्सनं २०२२ मध्ये ‘श्रेडर्स रिव्हेंज’ करताना हा सापळा टाळला. कोनामीच्या १९८९ च्या निंजा टर्टल्सच्या आर्केड खेळाचा हा वारस. चित्रांचा बाज जुना, पण शत्रू कधी आणि किती येणार याची बांधणी घरी बसून खेळणाऱ्यासाठी नव्यानं केलेली.

याहून वेगळी वाट ब्रिटनच्या जेफ मिंटर यांची. अटारीच्या १९८१ च्या ‘टेम्पेस्ट’मध्ये बोगद्याच्या काठावर आपण असतो आणि तळातून शत्रू वर चढत येतात. मिंटरनी १९९४ मध्ये ‘टेम्पेस्ट २०००’ केला आणि त्यात आपलं संगीताचं आणि रंगांचं वेड ओतलं. वीस वर्षांनी त्यांनी प्लेस्टेशन व्हिटासाठी याच जातीचा ‘टीएक्सके’ आणला, तर अटारीच्या वकिलांनी तो इतर यंत्रांवर जाऊ दिला नाही. शेवटी २०१८ मध्ये ‘टेम्पेस्ट ४०००’ निघाला तो अटारीच्याच नावानं. ज्या माणसाला खेळाचं मर्म सर्वांत जास्त कळलं आहे त्यालाच नोटीस जावी, याचा मला आजही राग येतो.

हक्कांचा हा गुंता आपल्याकडच्या लोकांनाही भोवलेला आहे. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रात व्हिडिओ गेमच्या दुकानात रुपया टाकलेल्या कोणालाही ‘मुस्तफा’ आठवेल. पिवळ्या टोपीचा, धावत येऊन लाथ घालणारा. कॅपकॉमच्या १९९३ च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’मधला हा मुस्तफा कैरो. मूळ अमेरिकी चित्रकथेत नायक जॅक टेनरेक, पण आपल्या पोरांनी खेळालाच मुस्तफाचं नाव देऊन टाकलं. तिघांनी एकत्र खेळायचा तो खेळ होता. कोणती जॉयस्टिक कोणाची यावरून भांडणं व्हायची, पडलेलं जेवण कोणी उचलायचं यावरून व्हायची, आणि गाडी चालवायची स्टेज आली की सगळे गप्प. या खेळाची कथा मार्क शुल्ट्झ यांच्या चित्रकथेची, शीर्षकातलं मोटारीचं नाव जनरल मोटर्सचं, प्रोग्रॅम कॅपकॉमचा. इतक्या दारांवरून परवानगी आणावी लागणारा खेळ मागं राहतो. कॅपकॉमनं २०१८ मध्ये आपल्या सात मारामारीच्या खेळांचा संग्रह काढला, त्यात तो नव्हता. पुढं ‘आर्केड स्टेडियम’चे दोन संग्रह आले, त्यांतही नव्हता. आपल्याकडे आज जे कोणी तो खेळतात ते बहुतेक एम्युलेटरवर.

१९९३ चाच त्याचा भाऊ ‘द पनिशर’ असाच अडकला होता, मार्व्हलच्या हक्कांमुळे. तो ३१ वर्षांनी, २०२४ मध्ये, मार्व्हलच्या इतर लढतींच्या खेळांबरोबर अधिकृतपणे परत आला. म्हणजे करार होऊ शकतात, विकत घेणारं गिऱ्हाईक समोर दिसायला हवा. भारतात आज चाळिशी-पंचेचाळिशीत असलेली, हातात पैसा असलेली एक मोठी पिढी हा खेळ रास्त किंमत देऊन घेईल, आणि कॅपकॉमनं तिच्याकडे बघायला हवं. आणतील तेव्हा तिघांना एकाच घरात बसून खेळता यावं, बटण आणि लाथ यांत फ्रेमचाही उशीर नसावा, आणि फुकट नाण्यांचं बटण हवंच असेल तर ते बंद ठेवायची सोयही असावी.