चावडीवर आणि कोर्टात टिकणारे संशोधन

कोर्टात डॉक्टरची साक्ष अर्धा तास चालो की दोन दिवस, तिच्यात दम किती हे बरेचदा काही महिने आधीच ठरून गेलेले असते. ते ठरते कॅज्युअल्टीत, घाईघाईने भरलेल्या छापील फॉर्मवर. त्यात कोणता रकाना आहे, कोणता नाही आणि डॉक्टरने कुठे काय खरडले आहे, यावर सरकारी वकिलाचा युक्तिवाद उभा राहतो किंवा आरोपीच्या वकिलाची उलटतपासणी रंगते. फॉर्मच चुकीचा प्रश्न विचारत असेल, तर प्रामाणिक डॉक्टरच्या हातूनही चुकीचेच उत्तर लिहिले जाणार.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत हा फॉर्म बदलावा म्हणून ज्या संस्थेतून नेट लावला गेला, ती वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवर सेवाग्रामला आहे. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था हे तिचे नाव. जिल्ह्यातल्या माणसाच्या तोंडी मात्र 'कस्तुरबा' किंवा नुसते 'सेवाग्रामचा दवाखाना'. बाहेरच्यांना ती खादी, श्रमदान आणि सर्वधर्म प्रार्थनेमुळे ठाऊक असते. तिची खरी ओळख वेगळी आहे. इथल्या संशोधनाचे चांगले नमुने जर्नलमध्ये छापून संपले नाहीत. ते गावच्या सभेत आणि न्यायालयात पोहोचले आणि तिथल्या प्रश्नांना त्यांना तोंड द्यावे लागले.

संस्थेचा जन्म १९६९चा, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षातला. त्याआधीपासून इथे कस्तुरबा रुग्णालय होते. १९४०च्या दशकात स्त्रिया आणि मुलांसाठी निघालेला तो छोटा दवाखाना होता. संस्था उभी करणाऱ्या डॉ. सुशीला नय्यर १९६२ ते १९६७ या काळात केंद्रात आरोग्यमंत्री होत्या. शहरात शिकलेला डॉक्टर खेड्यात टिकत नाही, हे त्यांनी दिल्लीतून पाहिले होते. त्यावर त्यांचा उपाय सरळ होता: वैद्यकीय महाविद्यालयच खेड्यात न्यायचे. नवा विद्यार्थी आधी गांधीजींच्या आश्रमात पंधरा दिवस राहतो. पुढे प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिर होते आणि विद्यार्थ्यांकडे कुटुंबे सोपवली जातात.

या रिवाजात संशोधनाची मेख आहे. एरवी विद्यापीठात प्रबंधाचा विषय मार्गदर्शकाच्या कपाटातून निघतो. इथे विद्यार्थ्याला घराघरात जाऊन विचारावे लागते, की मागच्या वर्षी कोण आजारी पडले, पैसे कुठून आणले, कर्ज कोणाचे. उत्तरे ऐकून माणूस डॉक्टर होतो तसाच हिशेबनीसही होतो.

अशाच हिशेबातून 'जवार योजना' निघाली. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेवाग्रामच्या आसपासच्या गावांत ती उभी केली. प्रश्न रोकड्या व्यवहाराचा होता. शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या हातात पैसा येतो वर्षातून एकदा, सुगीला. आजार मात्र आषाढात येतो, घरात दाणा नसताना. मग हप्ता पैशात आणि महिन्याला मागायचाच कशाला? तो खळ्यावर, ज्वारीत घ्यायचा. ज्याची जमीन जास्त त्याने जास्त ज्वारी द्यायची, भूमिहीनाने थोडी. दवाखान्यात मात्र दोघांना वागणूक एकच. गोळा झालेल्या निधीतून गावातल्या आरोग्यसेवकाचा आणि प्राथमिक औषधांचा खर्च भागे आणि गावकऱ्याला कस्तुरबात सवलतीचा हक्क मिळे.

सुतार-लोहाराला खळ्यावर धान्य देण्याची रीत गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, त्यामुळे कल्पना समजावून सांगायला फार वेळ लागला नसावा. पण बलुत्यात देणारा मोठा आणि घेणारा मिंधा असे. इथे ज्वारी देणारा भूमिहीन मजूर दवाखान्यात हक्काने उभा राहत होता.

विम्याचा धंदा करणाऱ्यांना दोन दुखणी कायमची छळतात. पहिले म्हणजे विमा काढायला आधी धावतो तो आजारी माणूस; धडधाकट माणूस म्हणतो, पुढच्या वर्षी पाहू. निधी मग वर्षभरात आटतो. यावर सेवाग्रामची तोड अशी, की गावातली किमान ७५ टक्के घरे सामील झाली तरच त्या गावाला योजना. म्हणजे शेजाऱ्याला तयार करण्याचे काम विमा एजंटाकडून सुटून गावसभेवर आले. दुसरे दुखणे असे, की फुकट मिळते म्हटल्यावर माणूस टाळता येण्याजोगा किंवा आधीपासून ठाऊक असलेला खर्चही विम्याच्या गळ्यात मारतो. म्हणून अचानक आलेल्या आजाराला पूर्ण उपचार मोफत. मोतीबिंदू, हर्निया, नेहमीचे बाळंतपण अशा आधी कळणाऱ्या गोष्टींना बिलात २५ टक्के सूट. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात या दुखण्यांवर प्रकरणेच्या प्रकरणे आहेत. इथे त्यांचे उत्तर दोन नियमांत बसवले गेले, आणि ते शाळा न शिकलेल्या माणसालाही पटण्याजोगे होते. पुढे सामुदायिक आरोग्य विम्याचा अभ्यास करणाऱ्यांनी भारतातल्या जुन्या प्रयोगांची यादी केली, तेव्हा सेवाग्रामचे नाव तिच्यात आले.

गावाचा प्रश्न हिशेबाने सोडवण्याची ही रीत वर्ध्याला नवी नव्हती. १९३४च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ इथे निघाला आणि जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेवर मगनवाडी उभी राहिली. संघाचे सूत्रधार जे. सी. कुमारप्पा हे लंडनमध्ये हिशेब तपासणीचे शिक्षण घेतलेले आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त शिकलेले. वर्ध्याला येण्याआधी त्यांनी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन खेडा जिल्ह्यातल्या मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली होती. शेतसारा शेतकऱ्याला पेलतो की नाही, हा वाद त्यांनी भाषणातून काढून जमाखर्चाच्या तक्त्यात आणला. मगनवाडीत तेच धोरण चालले. हातसडीचा तांदूळ, गूळ, घाणीचे तेल यांचा पुरस्कार नुसत्या श्रद्धेने करायचा नाही; शास्त्रज्ञांना विचारायचे, मोजायचे, मग बोलायचे. जगदीशचंद्र बोस, प्रफुल्लचंद्र राय, चंद्रशेखर वेंकट रामन ही नावे संघाच्या सल्लागारांत होती. सुधारलेली 'वर्धा घाणी' इथलीच. पुढे खादी-ग्रामोद्योगाच्या कामातून ती देशभर गेली.

याच जिल्ह्यात कान्हापूरला काम करत असताना डॉ. अभय बंग यांनी १९८०च्या सुमारास एक वेगळाच रोग तपासायला घेतला: रोजगार हमीवरच्या मजुराची मजुरी. ती ज्या सरकारी हिशेबावर बेतली होती तो त्यांनी आहारशास्त्राच्या कसोटीवर पुन्हा मांडला. घाम गाळणाऱ्या शरीराला अन्न किती लागते आणि घरात खाणारी तोंडे किती, हे मोजल्यावर दिवसाचे ४ रुपये कुठल्या कुठे राहिले. आकडा १२ रुपयांवर गेला. शेतमजुरांच्या संघटनांनी तो अभ्यास हाती घेतला आणि पुढे सरकारने किमान मजुरी वाढवली. मागणी जुनीच होती. तिच्या पाठीशी आता खोडता न येणारे गणित होते, एवढाच फरक.

कायद्याच्या अंगाने सेवाग्रामची सर्वांत मोठी लढाई न्यायवैद्यक विभागातून लढली गेली. तिथले प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी बलात्कारपीडितांच्या वैद्यकीय तपासणीच्या कागदांचा अभ्यास करून २०१० मध्ये अहवाल सिद्ध केला. तपासणीचा दर्जा दयनीय आहे, हा त्याचा निष्कर्ष होता.

त्या काळचे तपासणीचे कागद डोळ्यांपुढे आणावेत. योनिपटल जुने फाटलेले की नवे, ही नोंद ठळक. योनिमार्गात किती बोटे सहज जातात, ही नोंदही ठरलेली. तीच कुप्रसिद्ध दोन बोटांची चाचणी. त्यावरून शेरा: 'शरीरसंबंधांची सवय आहे'. एवढे एक वाक्य आरोपीच्या वकिलाला पुरे होई. उलट स्त्रीची संमती घेतली का, घटनेला किती तास झाले, तिने आंघोळ केली होती का, कपडे बदलले होते का, नमुना कोणी घेतला, कोणी मोहोरबंद केला, कोणाच्या ताब्यात दिला, या तपासाला खरोखर उपयोगी पडणाऱ्या गोष्टी अर्धवट किंवा गायब.

विज्ञान याबाबत स्पष्ट आहे. योनिपटलाचा आकार आणि लवचीकपणा स्त्रीगणिक निसर्गतःच वेगळा असतो. त्यावरून पूर्वीच्या संबंधांचे अनुमान निघत नाही. आणि निघाले असते तरी त्याचा काल रात्रीच्या घटनेतल्या संमतीशी काडीचाही संबंध नाही. अंगावर जखम नाही म्हणून बळजबरी झाली नाही, हेही खरे नव्हे. भीतीने गोठलेले माणूस प्रतिकार करतेच असे नाही. कायदाही पुढे गेला होता. पीडितेच्या चारित्र्यावर बोट ठेवून तिची साक्ष पाडण्याची मुभा देणारे कलम १५५(४) पुरावा कायद्यातून २००३ मध्ये निघाले होते. म्हणजे कायद्याने पुढचा दरवाजा बंद केला होता आणि दवाखान्याचा फॉर्म तोच विषय मागच्या दाराने आत आणत होता. सेवाग्रामच्या अभ्यासाने ही फट कागदांसकट समोर ठेवली.

अहवाल इथेच थांबला असता, तर ग्रंथालयाच्या मांडणीवर गेला असता. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका गेली आणि सरकारला उत्तर देणे भाग पडले. या वादात सेवाग्राम एकटे नव्हते. मुंबईची 'सेहत' ही संस्था महापालिकेच्या रुग्णालयांत याच विषयावर काम करत होती. डॉक्टर हा पोलिसांचा पुरावा गोळा करणारा हस्तक नव्हे, पीडितेवर उपचार हे त्याचे पहिले काम, असा तिचा आग्रह होता. न्यायवैद्यकाची शिस्त आणि उपचाराची माया यांत ओढाताण झाली. ती गरजेचीच होती. २०१३ मध्ये महाराष्ट्र सरकारने तपासणीची नवी पद्धत लागू केली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांची चाचणी स्त्रीच्या खासगीपणावर आणि प्रतिष्ठेवर घाला घालते असे म्हटले. मार्च २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे आली: ही चाचणी नको, प्रत्येक टप्प्यावर संमती विचारा, ९६ तासांपर्यंत नमुने घ्या, उपचार आधी.

इथवर गोष्ट विजयाची वाटते. पण जीआर निघाला म्हणून हात बदलत नाहीत. ग्रामीण रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी रात्री दोन वाजता शासन निर्णय शोधत बसत नाही. तो दुसऱ्या वर्षाला पाठ केलेले आठवतो. आणि त्या वर्षाच्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकात 'कौमार्याची लक्षणे' हा धडा तसाच होता, परीक्षेत प्रश्न येत होते. फॉर्म बदलला, पण तो भरणाऱ्याचे शिक्षण जुनेच राहिले.

म्हणून डॉ. खांडेकरांनी पुढचा अहवाल अभ्यासक्रमावर केला. या धड्याला वैज्ञानिक आधार नाही, असे दाखवून तो वगळण्याची मागणी केली. २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून तो काढला. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल असे बजावले. त्याच निकालात वैद्यकीय अभ्यासक्रम तपासून पाहण्याचा आदेशही दिला. दिल्लीत त्या दिवशी जे सांगितले गेले, त्याचा महाराष्ट्रापुरता भाग तीन वर्षांपूर्वीच पार पडला होता.

संस्थेने भिंग स्वतःवरही धरले आहे. क्षयरोग्यांची सेवा करता करता आपल्याच माणसांना जंतू लागतात का, हा प्रश्न दवाखाने सहसा विचारत नाहीत. उत्तर अडचणीचे असते. सेवाग्रामने परदेशी विद्यापीठातल्या सहकाऱ्यांबरोबर आपल्या ७२६ कर्मचाऱ्यांची तपासणी केली. त्वचेवरच्या किंवा रक्तावरच्या चाचणीत जवळपास निम्म्यांत क्षयाच्या सुप्त संसर्गाची खूण दिसली. अभ्यास २००५ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आला. नोकरीची वर्षे वाढतील तशी संसर्गाची शक्यता वाढते, हे त्यातून दिसले. नर्स आणि वॉर्डबॉयसाठी तो व्यवसायातल्या धोक्याचा पुरावा होता.

हे सारे शेजारी शेजारी ठेवले की एक गोष्ट लक्षात येते. यांतले शास्त्र फार अवघड नाही. यंत्रे महाग नाहीत, सिद्धान्त नवा नाही. अवघड आहे ते संशोधन प्रयोगशाळेबाहेर नेणारा हात मिळवणे. जवार योजनेला तो गावसभेत मिळाला, मजुरीच्या हिशेबाला संघटनांत, न्यायवैद्यकाच्या अहवालाला उच्च न्यायालयात. असा हात मिळवायचा तर निष्कर्ष त्याच्या भाषेत, त्याच्या नियमांत आणि त्याच्या उलटतपासणीला पुरून उरेल असा लिहावा लागतो. शोधनिबंध तपासणारे परीक्षक दोन-तीन असतात आणि ते एकाच बिरादरीतले. गावसभेत मात्र ज्याच्या खिशातून ज्वारी जाणार आहे तो प्रश्न विचारतो. कोर्टात विरुद्ध बाजूचा वकील पैसे घेऊन चुका शोधतो.

आजच्या विद्यापीठांत प्राध्यापकाची बढती शोधनिबंधांच्या संख्येवर ठरते. बदललेल्या फॉर्मला गुण नाहीत, अभ्यासक्रमातून काढलेल्या चुकीच्या धड्याला तर नाहीतच. सेवाग्रामची माणसेही याच व्यवस्थेत नोकरी करतात, त्यांनाही निबंध लिहावेच लागतात. तरीही इथून असे काम निघते, याचे कारण पहिल्या वर्षाच्या त्या रिवाजात असावे: आधी घरे, मग प्रश्न, मग विषय. विद्यापीठ अनुदान आयोगाला यातून काही घ्यायचे असेल तर खादी घेण्याची गरज नाही. मूल्यांकनाच्या तक्त्यात एक रकाना वाढवला तरी पुरे: या संशोधनामुळे बाहेरचा कोणता नियम, कोणता दर किंवा कोणता फॉर्म बदलला?