चिखलातला जंतू साध्या इंजेक्शनला दाद देत नाही

भाताची लावणी म्हणजे गुडघाभर चिखल. पायाला खरचटलं, काटा रुतला, तरी आपण थांबतो थोडेच! हळद दाबायची नि पुन्हा खाचरात उतरायचं. पण शेतकरी बंधूंनो, त्या चिखलात कधी कधी एक घातक जंतू असतो. तो जखमेतून अंगात शिरतो. वादळी पावसात श्वासावाटेही जातो. या रोगाला मेलिऑयडोसिस म्हणतात.

१९१२ साली व्हिटमोर व कृष्णस्वामी या डॉक्टरांनी रंगूनमध्ये त्याची प्रथम नोंद केली. ईशान्य थायलंडच्या भातशेतकऱ्यांत तो नेहमीचा. आपल्या शेजारच्या कर्नाटक किनारपट्टीवरही त्याचे रुग्ण सापडतात. शास्त्रज्ञांच्या २०१६ सालच्या अंदाजानुसार जगात वर्षाला सुमारे १ लाख ६५ हजार लोकांना हा रोग होतो व ८९ हजार दगावतात. मधुमेह्यांना धोका सर्वांत जास्त.

ताप, खोकला, न्यूमोनिया, यकृतात किंवा प्लीहेत गळू अशी लक्षणे दिसतात. त्यामुळे पुष्कळदा टीबी समजून उपचार होतात आणि वेळ निघून जातो.

खरी मेख पुढेच आहे. हा जंतू जन्मजातच निगरगट्ट. पेनिसिलीन, अँपिसिलीन त्याच्यापुढे निकामी ठरतात. जेंटामायसिन आत गेले, तर मोटरीने पाणी उपसावे तसे तो बाहेर फेकतो. म्हणून दुकानातून आणलेल्या गोळ्यांनी किंवा एखाद्या सुईने भागत नाही. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम किमान १० ते १४ दिवस शिरेतून द्यावे लागते. त्यानंतर को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या निदान ३ महिने. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडल्या, तर रोग उलटतो. क्वचित उपचार चालू असतानाच जंतू सेफ्टाझिडिमलाही जुमानेनासा होतो.

मग काय करावे? या रोगावर लस नाही. चिखलात गमबूट घाला. जखम स्वच्छ धुऊन झाका, ती भरेपर्यंत खाचरात उतरू नका. साखर तपासून घ्या. ताप हटत नसेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "मी भातशेतीत राबतो, मला साखर आहे." रक्ताची कल्चर तपासणी शक्यतो औषध सुरू होण्याआधी व्हावी.

सरपंच, ग्रामसेवक, आशाताई, तुमच्याकडेही एक काम आहे. असा रुग्ण दवाखान्यातून घरी आला, की ३ महिने त्याच्या गोळ्या चुकत नाहीत ना, हे पाहा. घरी आला म्हणजे बरा झाला असे नव्हे.