रात्रभराचं मटण आणि मधेच गेलेली लाईन

परवा गटाच्या सामानासाठी बर्डीवर गेलो होतो. सीताबर्डीच्या मेन रोडवरच्या एका दुकानात आमच्या वहिनींनी स्लो कुकर उचलून पाहिला आणि म्हणाल्या, "ताई, रात्री मटण लावलं, सकाळी पावात भरून मेळाव्यात विकलं तर?"

विकता येतं. पण एका गोष्टीत चूक झाली तर गटाचं नाव जाईल आणि खाणारा दवाखान्यात. ती गोष्ट आज सांगते.

स्लो कुकर म्हणजे विजेवर तापणारा चिनी मातीचा गंज. शिट्टी नाही, दाब नाही. अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन यांना १९४० साली त्याचं पेटंट मिळालं. त्यांच्या आईच्या लहानपणी लिथुआनियात शुक्रवारी संध्याकाळी कालवणाचं भांडं बेकरीच्या भट्टीत ठेवत आणि दुसऱ्या दिवशी काढत. आपल्या आज्या गोवऱ्यांवर दिवसभर दूध ठेवत, तसंच हे. २०० वॅटचा कुकर ८ तास चालला तर फार तर १.६ युनिट जळतात.

गरम मांस आणि चीज पावात भरून खायची रीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाची. तिकडे गोमांस वापरतात. आपल्या राज्यात २०१५ पासून गाईबरोबर बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे, म्हणून बोकडाचं घ्यायचं. खांद्याचं किंवा मानेचं, स्वस्त आणि चिवट. चिवटपणा ज्या पांढऱ्या तंतूंचा असतो, ते मंद आचेवर तासन्‌तास राहिले की विरघळतात आणि मांस बोटानं सुटतं.

१ किलो बिनहाडाचं मटण, ४ कांदे, आलं-लसूण, मिरे, मीठ. सावजीचा मसाला आवडत असेल तर तो, पण हात आखडता ठेवा, पावात तिखट जास्त लागतं. पाणी अर्धी वाटीच, कारण वाफ बाहेर जात नाही. गंज निदान अर्धा भरलेला हवा, काठोकाठ नको. मटण बर्फाचं असेल तर आधी फ्रिजमध्ये पूर्ण सुटू द्या. 'लो'वर ८ तास. मधे झाकण उघडून पाहायची आपली सवय सोडा, प्रत्येक वेळी २०-३० मिनिटं वाढतात. मग मटण कुस्करा, रस कढईत आटवून त्यातच कालवा. चीज गंजात टाकू नका, फाटतं. पावात मटण, वर चीज, तव्यावर झाकण ठेवून दोन मिनिटं. वरून सांबार, म्हणजे पुण्याकडची कोथिंबीर.

आता ती गोष्ट. रात्री लाईन गेली तर? ५ ते ६० अंशांच्या मधे, म्हणजे कोमट अन्नात, जंतू भराभर वाढतात. गोल बटणाचा कुकर लाईन आली की आपोआप सुरू होतो. तुम्ही झोपेत, सकाळी मटण गरम, वास चांगला, काहीच कळत नाही. पुन्हा उकळून घेऊ म्हणाल, तर जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही.

म्हणून रात्री लावूच नका. पहाटे चारला लावा, कुणीतरी जागं असेल. लाईन गेली तर मटण तेव्हाच कढईत ओतून गॅसवर शिजवा. किती वेळ गेली होती ते कुणालाच माहीत नसेल, तर फेका. हो, किलोभर मटण. मलाही जिवावर आलं होतं, त्या दिवशी आमचा स्टॉल रिकामा राहिला आणि गटातल्या दोघी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

स्टॉलवरही मटण ६० अंशांच्या वर राहिलं पाहिजे. अन्नात खुपसायचा थर्मामीटर मिळतो, गटासाठी एक घ्याच. उरलेलं पसरट ताटात लवकर थंड करून फ्रिजमध्ये ठेवा, कुकरमध्ये नाही.

शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी राजमा करणार असाल, तर तो रात्रभर भिजवून, पाणी फेकून, नेहमीच्या शिट्टीच्या कुकरमध्येच शिजवा. अर्धाकच्च्या राजम्यानं उलट्या होतात, आणि स्लो कुकरची आच त्याला पुरत नाही.