डॅकच्या खोक्यावरचे आकडे

ऑक्टोबर २०२०मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे एकेएम कंपनीच्या चिप-कारखान्याला आग लागली आणि काही दिवस धुमसत राहिली. तोवर कितीतरी डॅकमध्ये याच कंपनीची चिप असे. पुरवठा आटला, तसं अनेक उत्पादकांनी आराखडे बदलून अमेरिकेच्या ईएसएसच्या चिप बसवल्या. एकेएमचा आवाज मखमली आणि ईएसएसचा धारदार, असं छातीठोकपणे सांगणाऱ्या शौकिनांची पंचाईतच झाली! खरं तर डॅक निवडताना चिपचं नाव सगळ्यांत शेवटी पाहावं.

डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा विद्युत संकेत बनवणारं यंत्र. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात, प्रत्येक १६ बिटचा. एवढ्यात जवळपास २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो; तरुण कानांची मजल २०पर्यंत, पुढे वयानुसार ती घटतच जाते. १६ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर सुमारे ९६ डेसिबल मिळतं, २४ बिटमध्ये कागदावर १४४. पण सर्किटची स्वतःची खरखर असतेच, त्यामुळे उत्तम डॅकही १४४ गाठत नाहीत. मग खोक्यावरच्या ‘३२ बिट, ७६८ किलोहर्ट्झ’ला कितीसं महत्त्व द्यायचं?

२००७मध्ये मेयर आणि मोरान यांनी हाय-रेझोल्यूशन, म्हणजे सीडीहून वरच्या दर्जाचं संगीत सीडीच्या दर्जावर उतरवून श्रोत्यांना फरक ओळखायला लावला. ५५४पैकी २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे निव्वळ नाणेफेक. २०१६मध्ये जोशुआ रीस यांनी १८ प्रयोग एकत्र तपासले तेव्हा हे प्रमाण ५२.३ टक्के निघालं. प्रशिक्षित कानांचं त्याहून बरंच अधिक. फरक असावा, पण तो इवलासा.

मोठा घोळ होतो तो संगणकातच. विंडोज सगळे आवाज एकत्र मिसळून ठरलेल्या एकाच दराने बाहेर पाठवतं. तो दर ४८ किलोहर्ट्झ असेल, तर १९२ची महागडी फाइलही ४८ची होऊनच डॅकपर्यंत पोचते. हे मिसळणं टाळायचं, तर प्लेअरमध्ये वासापी एक्सक्लुझिव्ह किंवा एएसआयओ निवडावं लागतं. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये दर तपासावा. यूएसबी ऑडिओची पहिली श्रेणी २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर थांबते. त्यापुढच्या दरांसाठी दुसरी श्रेणी लागते; तिचा ड्रायव्हर विंडोजमध्ये २०१७पासून आहे. त्याआधीच्या आवृत्तीवर तो वेगळा टाकावा लागतो.

हेडफोन थेट डॅकलाच जोडायचे असतील, तर बिटपेक्षा ओहम पाहावेत. डॅकचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून कमी असावा, हा जुना आडाखा. ३२ ओहमच्या हेडफोनला ४पेक्षा कमी. अ‍ॅपलचा नखाएवढा यूएसबी-सी अ‍ॅडाप्टर हाही डॅकच. तो ४८ किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही, पण मोजमापात स्वच्छ निघतो. मात्र त्यातून जेमतेम एक व्होल्ट मिळतो, युरोपातल्या आवृत्तीत त्याच्या निम्मा. सेनहायझर एचडी ६००सारख्या ३०० ओहमच्या हेडफोनला तेवढ्यावर पुरेसा जोर चढत नाही. तिथे पैसे हेडफोन अ‍ॅम्पसाठी राखून ठेवावेत.