दुःखात वस्तीची सोबत

घरात मृत्यू झाला की वस्ती गोळा होते. शेजारची चूल त्या घरासाठी पेटते. बौद्धाचार्य त्रिशरण-पंचशील देतात. पुढे पुण्यानुमोदनाला नातेवाईक जमतात. याने गेलेला माणूस परत येत नाही, पण मागे राहिलेल्यांना आधार मिळतो.

किसा गोतमी मेलेले बाळ घेऊन औषध मागत फिरत होती. ज्या घरात कधी कोणी मेले नाही, तिथून मोहरी आण, असे तथागतांनी तिला सांगितले. दारोदार फिरल्यावर तिला कळले, हे दुःख आपल्या एकटीचे नाही.

विधीनेही तेच साधते. सर्वांनी एका सुरात वंदना म्हणताना श्वास संथ होतो. रडायला जागा मिळते, आठवणी निघतात. त्यासाठी कर्ज काढून जेवणावळ घालण्याची गरज नाही.

सुरुवातीला झोप-भूक कमी होणे स्वाभाविक आहे. मात्र बरेच आठवडे तसेच राहिले, माणूस कामाला उठेना किंवा दारूकडे वळला, तर सरकारी दवाखान्यात न्या. 'जगायचे नाही' असे कोणी म्हणाले तर त्याच दिवशी न्या, एकटे सोडू नका. टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रंदिवस बोलता येते.