इंदूरचे क्ष-किरण तयार, पण स्फटिक कुठून आणायचा? थेंब टाकायला आता रोबो

इंदूर : इथल्या कॅट रोडला ज्याचं नाव पडलं ते 'कॅट', म्हणजे आजचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र. तिथे इंडस-२ या सुमारे १७२ मीटर घेराच्या कड्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात आणि वळताना तीव्र क्ष-किरण सोडतात. प्रथिनांची रचना पाहण्यासाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने तिथे बीएल-२१ ही किरणवाहिनी उभारली आहे. पूर्वी अशा किरणांसाठी आपल्या संशोधकांना फ्रान्समधल्या ग्रेनोबलसारख्या ठिकाणी जावं लागे.

पण नुसते किरण असून भागत नाही. त्यांच्यासमोर धरायला प्रथिनाचा स्फटिक लागतो, आणि खरी गाडी तिथेच अडते.

स्फटिकच का?

एकट्या रेणूवरून विखुरणारे किरण फार क्षीण असतात. स्फटिकात तेच रेणू प्रचंड संख्येने एका शिस्तीत रचलेले असतात, म्हणून संकेत मोजण्याइतका बळकट होतो. त्यावरून कोणता अणू कुठे आहे आणि औषध कुठे बसेल, हे समजतं. इन्सुलिनची रचना १९६९ साली डोरोथी हॉजकिन यांच्या गटाने अशीच उलगडली. भारताचे एम. विजयन त्या गटात होते.

पाकात दोरा सोडला की खडीसाखर जमते. प्रथिनाचं तसं नाही. कोणत्या क्षारात, किती आम्लतेला, कोणत्या तापमानाला ते जमेल, हे आधी सांगता येत नाही. शेकडो द्रावणं करून पाहावी लागतात.

रोबो काय करतो?

प्लेटमध्ये ९६ खळगे असतात आणि प्रत्येकात वेगळं द्रावण. शेजारच्या छोट्या कट्ट्यावर प्रथिन आणि तेच द्रावण यांचा मिळून एक थेंब ठेवतात आणि वरून पारदर्शक पट्टीने प्लेट बंद करतात. थेंबातलं पाणी हळूहळू खळग्याकडे जातं, थेंब घट्ट होतो आणि जमलं तर स्फटिक उगवतो.

हाताने दर थेंबाला १ मायक्रोलिटर प्रथिन घेतलं, तर एका प्लेटला ९६ मायक्रोलिटर लागतं. रोबो १०० नॅनोलिटरमध्ये भागवतो. म्हणजे तेवढ्याच प्रथिनात दहा प्लेटा होतात, आणि एक प्लेट काही मिनिटांत. महिनोन् महिने खपून थोडंसं प्रथिन शुद्ध केलेल्या विद्यार्थ्याला याची किंमत विचारा!

मात्र एवढासा थेंब बघता बघता सुकतो. माळव्यातल्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत तर विचारूच नका. त्यामुळे खोलीचं तापमान सांभाळावं लागतं आणि काही रोबोंभोवती दमट हवेची पेटीही असते.

यंत्राच्या पुढचं काम

प्रथिन अशुद्ध असेल तर रोबो तीच चूक ९६ वेळा करतो. पहिला स्फटिकही बहुधा फार बारीक निघतो. मग द्रावणात थोडाथोडा बदल करत, मोठे थेंब घेत तो वाढवावा लागतो. अनेकदा हे काम हातानेच होतं.

केसाच्या जाडीएवढा स्फटिक मिळाला की तो बारीक फाशात उचलून उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात आणि किरणांसमोर नेतात. शेवटचा धडा तिथे मिळतो. कधीकधी सुंदर दिसणारा तो खडा प्रथिनाचा नसतोच, साध्या क्षाराचा निघतो! मग पुन्हा नवी प्लेट. फरक एवढाच, की रोबोमुळे त्या नव्या प्लेटसाठी प्रथिन शिल्लक उरलेलं असतं.